कर्ज तिकिटाचं, जामीन शब्दाचा: वीस हजार मेनोनाइट शेतकरी कॅनडात कसे पोचले

नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅनडा सरकारने निर्वासितांच्या ‘खासगी प्रायोजकत्वा’चे काही अर्ज घेणं थांबवलं. तेव्हा टोरांटो-ब्रॅम्प्टनला नातेवाईक असलेल्या अनेकांना पहिल्यांदा कळलं की असाही प्रकार तिथे आहे. सरकार नव्हे, तर चर्च, संस्था किंवा पाच शेजारी मिळून एखाद्या परक्या कुटुंबाला आणतात आणि वर्षभर त्याचं भाडं-किराणा बघतात. सरकार हे लोकांवर कसं सोपवतं, हा साधा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा मोठा भाग शंभर वर्षांपूर्वी उधारीवर तिकिटं घेऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या हिशेबात सापडतो. त्या शेतकऱ्यांत बी. बी. यांत्स नावाचा एक माणूस होता. १८७७ ते १९६४ असं सत्याऐंशी वर्षांचं आयुष्य त्याला लाभलं. त्यातला मोठा काळ पोट शेतीवर आणि वेळ दुसऱ्यांच्या कागदपत्रांवर गेला.

मेनोनाइट म्हणजे नक्की कोण?

१५२५ साली झुरिकमध्ये काही ख्रिस्ती लोकांनी ठरवलं की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला नको, समजत्या वयात स्वतः मागून घ्यावा. वरकरणी किरकोळ वाटणारी ही गोष्ट तेव्हा राजद्रोहासारखी होती, कारण बाप्तिस्म्याची नोंद हीच प्रजेची नोंद होती. त्यातल्या बहुतेकांनी पुढे शस्त्र उचलायचं नाही आणि शपथ घ्यायची नाही असंही ठरवलं. नेदरलँड्समधल्या मेनो सिमन्स या माजी धर्मगुरूच्या नावावरून त्यांना मेनोनाइट म्हणू लागले. घोडागाडी वापरणारे आमिश १६९३ च्या सुमारास याच परंपरेतून फुटले. म्हणजे दोघे भाऊबंद, पण एक नव्हेत. बहुसंख्य मेनोनाइट ट्रॅक्टर, मोबाइल, सगळं वापरतात.

छळ झाला म्हणून ते पूर्वेकडे व्हिस्टुला नदीच्या मुखाशी गेले. तिथली दलदल त्यांनी चर खणून, बांध घालून उपसली. पुढे रशियाच्या कॅथरिन राणीने परदेशी शेतकऱ्यांना बोलावणं धाडलं, तेव्हा १७८९ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या खोर्तित्सा इथे आणि १८०४ मध्ये मोलोच्ना नदीकाठी त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. प्रत्येक कुटुंबाला ६५ देस्यातिना, म्हणजे साधारण पावणेदोनशे एकर जमीन मिळाली आणि सैन्यभरतीतून सूट.

या जमिनीला एक अट होती. तिचे तुकडे पाडायचे नाहीत, एकाच वारसाकडे द्यायची. आपल्याकडे वाटण्या होऊन गुंठे उरतात, तिथे उलट झालं. शेत अखंड राहिलं, पण १८६० पर्यंत बहुतेक कुटुंबं भूमिहीन झाली आणि गावात भांडणं लागली. त्यात १८७४ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. मग सुमारे अठरा हजार जण अमेरिका आणि कॅनडाला गेले. त्यातल्या मॅनिटोबात उतरलेल्यांसाठी कॅनडा सरकारने १८७५ मध्ये कर्ज दिलं आणि त्याला हमी राहिले ऑन्टारिओतले जुने मेनोनाइट. ते कर्ज पुढे फेडलं गेलं. हा तपशील लक्षात ठेवा. पुढचा सगळा व्यवहार या एका परतफेडीच्या पुण्याईवर झाला.

मग जे मागे राहिले, त्यांना निघावं का लागलं?

क्रांती, यादवी आणि दुष्काळ, या क्रमाने. १९१९ मध्ये नेस्तर माख्नो या अराजकवादी बंडखोराच्या टोळ्यांनी गावंच्या गावं कापली. पाठोपाठ टायफस आला. १९२१-२२ मध्ये दुष्काळ पडला आणि धान्य सक्तीने उचललं गेलं. घोडे खाल्ले गेले किंवा सैन्याने नेले, त्यामुळे जमीन असूनही नांगरट होईना.

जुलै १९२० मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मेनोनाइट सेंट्रल कमिटी स्थापन झाली ती यासाठी. तिच्या पहिल्या तीन कार्यकर्त्यांपैकी क्लेटन क्राट्झ त्याच वर्षी युक्रेनमध्ये बेपत्ता झाला तो कायमचाच. परवानग्या मिळून स्वयंपाकघरं चालू व्हायला मार्च १९२२ उजाडलं. ऐन भरात तिथे रोज पंचवीस हजार लोक जेवत. अन्नाबरोबर पन्नास फोर्डसन ट्रॅक्टरही नांगरांसकट पाठवले गेले. हे शेतकऱ्याचं डोकं. आज पोट भरेल, पण पेरा झाला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच, हे शेती केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

यांत्स तेव्हा मोलोच्नातला शिक्षक आणि प्रवचनकार होता. त्याला खार्कोव आणि मॉस्कोच्या कचेऱ्यांत खेटे घालायचं काम मिळालं. धार्मिक संघटनेला नव्या सोव्हिएत राजवटीत मान्यता मिळणं अशक्य, म्हणून १९२२ मध्ये नोंदणी झाली ती ‘युक्रेनमधील हॉलंडवंशीय नागरिकांचा संघ’ या नावाने. कागदावर उद्देश शेतीची पुनर्बांधणी. त्याच नावाखाली यांत्सने देश सोडण्याच्या परवानग्या काढल्या.

तारण नाही, तर रेल्वे कंपनीने कर्ज दिलं कसं?

कॅनडाचं दार १९१९ पासून बंद होतं. युद्धात न लढणाऱ्या जर्मनभाषी लोकांवर तिथे राग होता आणि मेनोनाइटांना नाव घेऊन प्रवेशबंदी केली होती. जून १९२२ मध्ये पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्या सरकारने ती उठवली. त्याच वर्षी कॅनेडियन मेनोनाइट वसाहत मंडळ स्थापन झालं. त्याची कचेरी सस्कॅचवान प्रांतातल्या रोस्थर्न गावी. अध्यक्ष झाले डेव्हिड टेव्ज. व्होल्गाकाठी जन्म, लहानपणी आईवडिलांबरोबर मध्य आशियाची फरफट, मग कॅन्सस, मग मॅनिटोबा, शेवटी सस्कॅचवान. स्थलांतर म्हणजे काय हे या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मंडळाने कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेशी करार केला. पहिला करार तीन हजार माणसांसाठी, सुमारे चार लाख डॉलरचा. कंपनीची जहाजं आणि गाड्या माणसं आणतील, पैसे नंतर, व्याज सहा टक्के.

ही रचना समजायला आपली गावची सोसायटी डोळ्यांपुढे आणा. जिल्हा बँक शेतकऱ्याला ओळखत नाही, ती सोसायटीला ओळखते. सोसायटी सभासदाला कर्ज देते, वसुलीही तीच करते, आणि थकबाकी वाढली की बँकेपुढे मान खाली जाते ती सोसायटीची. इथे बँकेच्या जागी रेल्वे कंपनी आणि सोसायटीच्या जागी मंडळ. फरक एवढाच की मंडळाकडे भागभांडवल नव्हतं, सातबाऱ्यावर बोजा चढवायची सोय नव्हती, आणि कर्जदार अजून हजारो किलोमीटर लांब बसलेला होता.

कंपनीचाही स्वार्थ होता, तो लपवण्यात अर्थ नाही. तिच्याकडे प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या सपाट गवताळ प्रदेशात, लाखो एकर पडीक जमीन होती. माणूस बसला की जमीन विकली जाणार, गहू पिकणार आणि तो गहू तिच्याच डब्यांतून बंदराकडे जाणार. कष्टाळू कुटुंबांची गावं एकगठ्ठा येत असतील, तर तिकिटाची उधारी हा तिच्या लेखी विक्रीखर्चच होता.

खरी धाकधूक होती ती कॅनडातल्या जुन्या मेनोनाइटांना. टेव्ज यांनी सही केली ती समाजाच्या वतीने. उद्या हे कर्ज बुडालं तर आमच्या जमिनींवर टाच येईल का, असं या जुन्या लोकांनी उघड विचारलं आणि विरोधही केला. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

पहिल्याच वर्षी बेत फसला. ओडेसा बंदरात कॉलरा पसरला आणि १९२२ मध्ये एकही माणूस निघू शकला नाही. मग मार्ग बदलून लॅटव्हियातून न्यायचं ठरलं. २१ जुलै १९२३ ला सातशेहून अधिक जणांची पहिली तुकडी रोस्थर्न स्टेशनवर उतरली. १९३० पर्यंत असे सुमारे वीस हजार आले.

सगळे एका दमात आले नाहीत. मध्ये अडसर होता खुपरीचा, डोळ्यांच्या संसर्गजन्य रोगाचा. वैद्यकीय तपासणीत पापणी उलटून बघत. आत दाणे दिसले की माणूस बाजूला. प्रतिजैविकं नव्हती, उपचार महिनोन्‌महिने चालत. त्यामुळे बाप आणि तीन मुलं पुढे, आई आणि धाकटी जर्मनीतल्या लेखफेल्ड किंवा इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनजवळच्या छावणीत, अशी ताटातूट झाली. छावणीतल्या दिवसांचा खर्चही प्रवासाच्या कर्जात मिळवला जाई.

उतरल्यावर जमीन आली कुठून?

१८७२ च्या कायद्याने १० डॉलर भरून १६० एकर घेण्याचे दिवस मागे पडले होते. चांगली जमीन संपली होती. पण नेमक्या त्याच काळात सक्तीच्या इंग्रजी शाळांना वैतागून हजारो जुन्या वळणाचे मेनोनाइट मेक्सिको आणि पॅराग्वेला चालले होते. त्यांची शेतं घर, गोठा, घोडे, अवजारांसकट विकायला होती. एक जण भाषेसाठी देश सोडतोय आणि दुसरा जीव वाचवायला त्याच घरात शिरतोय, असा तो योगायोग.

रोख पैसा कुणाकडेच नव्हता, म्हणून ‘अर्ध्या पिकाचा करार’ प्रचलित झाला. आगाऊ रक्कम थोडी किंवा अजिबात नाही. दरवर्षी निम्मं पीक विकणाऱ्याला द्यायचं, जमिनीची किंमत आणि व्याज फिटेपर्यंत.

ऐकायला सोपं वाटतं. एक नमुना हिशेब मांडू. १०० एकर गहू, एकरी १५ बुशेल उतारा. एक बुशेल गहू म्हणजे सव्वासत्तावीस किलो. एकूण १,५०० बुशेल. निम्मे ७५० जमीन विकणाऱ्याचे. बियाणं एकरी सव्वा बुशेल, म्हणजे १२५. घरच्या पिठाला आणि कोंबड्यांना ७५. उरले ५५०. भाव डॉलरभर असेल तर ५५० डॉलर. त्यातून मळणीवाल्याचे पैसे, पेंढ्या बांधायचा सुतळीदोरा, कर, रॉकेल, बूट. मग प्रवासाचं कर्ज. सात माणसांच्या घरावर ७०० डॉलर धरले, तर नुसतं व्याज ४२.

आता भाव पडला. १९३२ मध्ये गहू बुशेलला ४० सेंटांच्याही खाली गेला. तेच ५५० बुशेल आता २२० डॉलरचेही नाहीत, पण व्याज ४२ च आहे आणि मुद्दलही तेवढंच. कर्ज डॉलरमध्ये आणि उत्पन्न गव्हात असलं की असं होतं. शेतकऱ्याने चूक काहीच केलेली नसते.

त्यानंतर पाऊस गेला. १९३७ मध्ये सस्कॅचवानचा सरासरी उतारा एकरी तीन बुशेलही नव्हता, पावणेतीनच्या आसपास होता. वरच्या हिशेबात २७० धरा. निम्मे दिले की उरतात १३५. बियाण्याला १२५ ठेवले की वर्षभराच्या संसाराला १० बुशेल. अनेकांनी जमीन सोडली. १९३४ च्या शेतकरी-ऋण तडजोड कायद्याने काहींची जमिनीची देणी कमी करून मिळाली. प्रवासाच्या कर्जाला मात्र मंडळाचा शब्द होता, आणि ते तसंच मागे लागून राहिलं.

यांत्सने स्वतः काय केलं?

इतरांना बाहेर काढता काढता तोच शेवटी अडकणार होता. अटकेची कुणकुण लागल्यावर १९२६ मध्ये तो निघाला आणि दक्षिण अल्बर्टातल्या कोलडेल इथे शेतकरी झाला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नवीन भाषेत.

कोलडेल हा पाटपाण्याचा भाग. गव्हाच्या जोडीला तिथे शुगरबीट आलं, कारण रेमंड गावी १९२५ मध्ये साखर कारखाना निघाला होता. बीटाला कॅनडातला शेतकरी नाखूश असे, कारण ते कंबरडं मोडणारं पीक. बी दाट उगवतं. आखूड दांड्याच्या खुरप्याने आधी ओळीत ठरावीक अंतराने झुपके राखायचे आणि मधले कापायचे, मग गुडघ्यावर बसून प्रत्येक झुपक्यात एकच रोप ठेवून बाकीची बोटांनी उपटायची. दोन रोपं राहिली तर दोन्ही कंद बोटाएवढे होतात. ऑक्टोबरात थंडीत काढणी. सुरीच्या टोकाला आकडा असतो, त्याने कंद उचलायचा, दुसऱ्या हातात धरायचा आणि एका घावात पाल्याचा माथा उडवायचा. घाव खाली गेला तर वजन जातं, वर राहिला तर कारखाना वजावट करतो. सात-आठ हात असलेल्या कुटुंबाला हे पीक परवडलं. त्यात पोरांचे हात किती, हे वेगळं सांगायला नको.

अशा शेतातून उठून यांत्स लोकांसाठी पत्रं लिहायचा, ऑटावाला जायचा. मंडळाचं कामही होतंच.

कर्ज नेमकं फेडलं कुणी?

नोंदवहीत नाव बापाचं. पैसे बऱ्याचदा लेकीचे. विनिपेग आणि सस्कटूनमध्ये शेकडो मेनोनाइट मुली घरकामाला राहिल्या. सोळा-सतरा वर्षांच्या, इंग्रजी न येणाऱ्या. त्यांच्यासाठी चर्चने ‘मुलींची घरं’ चालवली. तिथली बाई काम शोधून द्यायची, मालकीण कशी आहे ते बघायची, आणि गुरुवारच्या अर्ध्या सुट्टीत सगळ्या तिथे जमायच्या. पगार मात्र घरी जायचा. शेत कोरडं पडलेलं असताना रोख पैसा येत होता तो इथूनच. कर्जफेडीच्या गोष्टीत बिशपांची नावं ठळक असतात. या मुलींची यादी कुणी केली असती तर ती मोठी झाली असती.

प्रत्येक वस्तीत मंडळाचा एक विश्वासू माणूस असे, तो घरोघर जाऊन वसुली करी. काही जण मेले, काही खरंच बुडाले, काहींनी टाळाटाळ केली, हेही झालं. त्यांचा भार गावोगावच्या चर्च-मंडळ्यांवर डोईपट्टी बसवून वाटला गेला. म्हणजे आपलं फेडून झालेल्यालाही शेजाऱ्याचं थोडं फेडावं लागलं.

मुद्दल होतं सुमारे पावणेअठरा लाख डॉलर. व्याजापैकी दहा लाखांहून अधिक रक्कम रेल्वे कंपनीने टप्प्याटप्प्याने सोडून दिली. शेवटचा हप्ता नोव्हेंबर १९४६ मध्ये गेला, पहिल्या गाडीनंतर तेवीस वर्षांनी. टेव्ज फेब्रुवारी १९४७ मध्ये वारले.

त्यानंतर तीन दशकांनी व्हिएतनाममधून लोक होड्यांतून पळू लागले. तेव्हा ५ मार्च १९७९ ला कॅनडा सरकारने प्रायोजकत्वाचा पहिला सर्वसाधारण करार केला तो मेनोनाइट सेंट्रल कमिटीच्या कॅनडा शाखेशी. आम्ही माणसं आणतो, ती सरकारवर पडणार नाहीत, अशी हमी देणाऱ्याचं खातं आधी कसं चाललं होतं हे दोन्ही पक्षांना माहीत होतं.

पण ही सेवा फक्त आपल्याच माणसांची ना?

सुरुवातीला बरीचशी हो. युक्रेनमधल्या स्वयंपाकघरांतून इतरांनाही वाढलं गेलं, तरी मोठा वाटा मेनोनाइट वस्त्यांचा होता. पण वर्तुळ तेवढंच नव्हतं, आणि त्याचा पुरावा आपल्या जवळचा आहे. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी भारतात धान्य पाठवलं आणि १८९९ मध्ये त्यांचे लोक धमतरीला आले. धमतरी आज छत्तीसगडात आहे, पण तेव्हाच्या मध्य प्रांतात, म्हणजे कारभार नागपूरहून. १९४२ मध्ये सेंट्रल कमिटीने कोलकात्यात काम सुरू केलं, पुढे बंगालचा दुष्काळ आला तेव्हा ती तिथेच होती. १९८३ पासून कॅनडातली फूडग्रेन्स बँक वेगवेगळ्या पंथांच्या शेतकऱ्यांकडून धान्य गोळा करते. गावातले शेतकरी एखादं शेत मिळून पेरतात आणि त्याचं उत्पन्न बँकेत जमा करतात. या कल्पनेची सुरुवातही सेंट्रल कमिटीच्याच प्रयोगातून झाली होती.

लढायचं नाही, ही पळवाट नाही का?

शेजाऱ्याचा मुलगा आघाडीवर आणि यांचा गोठ्यात, हे दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या गावांना सलत होतंच. त्यावर १९४१ पासून पर्यायी सेवा आली. राष्ट्रीय उद्यानांत रस्ते, ब्रिटिश कोलंबियात झाडं लावणं आणि वणवे विझवणं, मजुरी दिवसाला अर्धा डॉलर. शेतावर किंवा कारखान्यात पाठवलेल्यांच्या पगाराचा ठरलेल्या रकमेवरचा भाग रेडक्रॉसला जाई. यांत्सला हेही पुरेसं वाटेना. तरुणांनी शस्त्राविना वैद्यकीय पथकांत जावं, असं तो म्हणत होता, आणि १९४३ मध्ये तशी वाट कायद्याने उघडली. बाकीच्या अनेक वडीलधाऱ्यांना गणवेश म्हणजे सैन्यच वाटत होतं. हा वाद मिटला नाही.

तत्त्व नेहमी टिकलं असंही नाही. १९१८-१९ मध्ये युक्रेनमधल्या काही वसाहतींनी बंदुका घेऊन स्वसंरक्षण दलं उभारली होती. यांत्स त्याच्या विरोधात होता. माख्नोच्या सुडाला ही दलं किती कारणीभूत ठरली, यावर मेनोनाइट इतिहासकार आजही भांडतात. तिथल्या मोठ्या शेतांवर युक्रेनी मजूर कोणत्या हालतीत राबत होते, हा त्याच भांडणाचा दुसरा भाग.

आणि ती जमीन आधी कुणाची होती?

रोस्थर्नपासून जवळ, लेअर्ड गावाबाहेर स्टोनी नॉल नावाची टेकडी आहे. सरकारने आदिवासींशी केलेल्या सहाव्या करारानुसार तो भाग यंग चिपेवायन या आदिवासी गटासाठी राखीव होता. १८९७ मध्ये सरकारने त्यांना न विचारता, मोबदला न देता तो काढून घेतला आणि मेनोनाइट व लुथरन शेतकऱ्यांना वसवलं. टेव्ज यांची पहिली वस्ती, टीफनग्रुंड, याच परिसरातली.

शेतकऱ्यांकडे जमिनीचे रीतसर कागद होते, आणि बहुतेकांना आधीचा प्रकार ठाऊक नव्हता. १९७६ मध्ये, कराराला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्या गटाचे वंशज टेकडीवर आले आणि प्रकरण उघड झालं. २००६ मध्ये वंशज, मेनोनाइट आणि लुथरन त्याच टेकडीवर एकत्र बसले. दावा सरकारवर आहे, आत्ताच्या शेतमालकांवर नाही, असं वंशजांनी तिथे स्पष्ट केलं. अडचण कागदाची होती. गट पांगून गेलेला, त्यामुळे वारस कोण हे सिद्ध केल्याशिवाय दावा पुढे सरकेना. वंशावळी शोधून काढायला पैसे लागतात, आणि ते दोन्ही चर्चच्या लोकांनी जमवायला घेतले.